मैला बोटीचा, जबाबदारी धक्क्याची

बोटींतल्या संडासांना नियम हवेत असं म्हटलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो: अहो, मुंबई रोज किती मैला समुद्रात सोडते ठाऊक आहे का? ठाऊक आहे. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर इथल्या ज्या सात मलजल प्रक्रिया केंद्रांचं काम महापालिकेने हाती घेतलं आहे, त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर आहे. इतक्या मोठ्या केंद्रांची गरज आता पडावी, यातच आजवर काय चाललं होतं ते आलं. मग एवढ्या लोंढ्यापुढे चार यॉटवाल्यांच्या टाक्यांचं काय घेऊन बसलात?

प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो फक्त आकड्यांचा विचार करतो, जागेचा करत नाही. वरळी-वांद्र्याचं मैलापाणी निदान समुद्राखालच्या नळांतून तीन किलोमीटरहून लांब नेऊन सोडतात. बोट ते जिथे उभी असते तिथेच सोडते. आणि बोट उभी कुठे असते? लाट लागू नये म्हणून बांध घालून मुद्दाम निवांत केलेल्या पाण्यात. मरीना, म्हणजे यॉट लावायचं बंदर, बांधणाऱ्याचं सगळं कौशल्य आतलं पाणी हलू न देण्यात असतं, आणि यॉटच्या मालकाला जे संथ पाणी आवडतं तेच जंतूंनाही मानवतं. मुंबई बंदरात उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं तेव्हा थोडीफार धुलाई होते. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत ते जागच्या जागी घुटमळतं.

शिवाय बोटीतला मैला पातळ नसतो. जहाजावरचा व्हॅक्यूम संडास एका फ्लशला साधारण लिटरभर पाणी घेतो. घरातली टाकी सहा ते दहा लिटर ओतते. छोट्या यॉटमध्ये आणखी साधा प्रकार असतो. हातपंपाने समुद्राचं पाणी ओढायचं आणि बुडाजवळच्या भोकातून सगळं परत समुद्रात. टाकी असलीच तर नळीवर एक वाय-व्हॉल्व्ह बसवलेला असतो. दांडा एकीकडे फिरवला की मैला टाकीत, दुसरीकडे फिरवला की पाण्यात. जगभरातला या विषयावरचा सगळा कायदा शेवटी या वीतभर दांड्यावर येऊन थांबतो. तो दांडा कोणी, कुठे आणि कशासाठी फिरवायचा?

आंतरराष्ट्रीय कायदा आहे की, असं जहाजवाले सांगतात. आहे. मारपोल या जागतिक कराराचं चौथं परिशिष्ट खास मैल्यासाठी आहे. १९७३ मध्ये लिहिलेलं हे परिशिष्ट लागू व्हायला सप्टेंबर २००३ उजाडला. तेलाचं परिशिष्ट १९८३ मध्येच लागू झालं होतं. तेलाचा तवंग लांबून दिसतो आणि त्याचे फोटो छापून येतात. मैला विरघळून जातो, म्हणून त्याची घाई कोणाला नव्हती. परिशिष्ट सांगतं ते असं: मैला दळून आणि निर्जंतुक करून सोडायचा असेल तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या पलीकडे; कच्चाच सोडायचा असेल तर बारा मैलांच्या पलीकडे, तेही जहाज किमान चार नॉट, म्हणजे ताशी चार सागरी मैल, वेगाने चालत असताना, थोडा थोडा करून. नाहीतर जहाजावर मान्यताप्राप्त प्रक्रिया यंत्र हवं. हे लागू कोणाला? ४०० सकल टनांची किंवा त्याहून मोठी, अथवा पंधराहून जास्त माणसं नेण्याचा दाखला असलेली जहाजं, आणि तीही आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघालेली. गोव्यात पणजीपुढच्या मांडवी नदीत नांगरलेलं कॅसिनोचं जहाज कुठल्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघालेलं असतं? ते मुळात निघालेलंच नसतं.

देशातले कागदही कमी नाहीत. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ मध्ये आला. त्यात प्रदूषणावर स्वतंत्र प्रकरण आहे, बंदरांवर आणि टर्मिनलांवर घाण उतरवून घेण्याच्या सोयीचा उल्लेख आहे, आणि त्याखालचे नियम २०२२ मध्ये झाले. मांडवी तर राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ६८ आहे. खात्यांचीही वाण नाही: गोव्यात बंदर कप्तान खातं, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पणजी महापालिका, कॅसिनोचे परवाने देणारं गृह खातं, मुंबईत बंदर प्राधिकरण, सागरी मंडळ, प्रदूषण मंडळ, महापालिका, जहाजवाहतूक महासंचालनालय. इतक्यांपैकी प्रत्येकजण बोटवाल्याला मैला सोडू नकोस म्हणून सांगू शकतो. मग तो द्यायचा कुठे, हे सांगणं मात्र यांच्यातलं कोणी आपलं काम मानताना दिसत नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. आपण नियम बोटीवर लादायला जातो, आणि बोट हलती असते. ती आज गेटवेला, उद्या अलिबागजवळच्या मांडव्याला, परवा आणखी कुठे. तिच्या मागे धावणारी गस्ती बोट कोणत्याही मंडळाकडे कधीच पुरेशी नसणार. जेटी मात्र हलत नाही. तिला मालक असतो, परवाना असतो, परवान्याचं नूतनीकरण असतं. म्हणून पहिला नियम जेटीवर आणि मरीनावर हवा: बोटीची टाकी नळीने ओढून घेणारा पंप धक्क्यावर चालू स्थितीत नसेल तर तिथे मुक्कामाला एकही बोट लागणार नाही. बंदी नंतर, पंप आधी. हा क्रम उलटा केला की जे होतं ते आपण सगळीकडे पाहतो आहोत. बंदी कागदावर राहते आणि दांडा समुद्राकडे.

अमेरिका चौथ्या परिशिष्टात आजही सहभागी नाही, तिचा स्वतःचा कायदा आहे. त्यात एक बारकावा आपण उचलण्यासारखा आहे. एखाद्या राज्याला आपलं पाणी ‘प्रक्रिया केलेलाही मैला सोडायचा नाही’ अशा वर्गात घालायचं असेल, तर तिथे पुरेसे पंप वाजवी अंतरावर उपलब्ध आहेत हे आधी केंद्राच्या पर्यावरण संस्थेला पटवून द्यावं लागतं. पंप नाहीत तर बंदी नाही. त्यासाठी पैसा कुठून आला? १९९२ च्या एका कायद्याने पंप बसवायला खर्चाच्या तीन-चतुर्थांशापर्यंत अनुदान ठेवलं, आणि तो निधी मासेमारीच्या सामानावरच्या आणि मोटरबोटींच्या इंधनावरच्या करातून उभा केला. टाकी रिकामी करायला घ्यायच्या पैशांवर पाच डॉलरची मर्यादा घातली. म्हणजे बोटवाल्यांच्याच खिशातून, पण अशा रीतीने की टाकी रिकामी करताना कोणाचा हात आखडू नये.

बाल्टिक समुद्राभोवतीच्या देशांनी तर यातली खरी गोम ओळखली. तिथल्या बंदरांत मैला उतरवण्याचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत असं तत्त्व ठरलं. तो खर्च बंदराच्या एकूण शुल्कातच धरलेला. तुम्ही मैला उतरवा किंवा उतरवू नका, पैसे गेलेच. मग समुद्रात सोडून वाचणार काय? एरवी दंड आकारून जे साधत नाही ते या एका हिशेबाने साधतं. स्वीडनने एप्रिल २०१५ पासून सहलीच्या बोटींना आपल्या सागरी हद्दीत संडासाचं पाणी सोडायला बंदीच घातली, पण तिथे बंदरांनी ते उतरवून घेण्याची सोय ठेवणंही बंधनकारक आहे.

आता मांडवी. कॅसिनो असावेत की नसावेत, हा वाद मी इथे घेत नाही. १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात नव्वदीच्या दशकात दुरुस्त्या झाल्या, जहाजांवर जुगाराला वाट मिळाली, आणि आज मांडवीत सहा कॅसिनो जहाजं आहेत. ती नदीतून हलवू असं प्रत्येक सरकार म्हणतं आणि प्रत्येक सरकार मुदतवाढ देतं. जहाजात जुगार चालला काय नि कीर्तन चाललं काय, शेकडो माणसं रात्रभर खाऊन-पिऊन असली की संडास तेवढेच लागतात. पण गोव्यातल्या चर्चेत मैल्याचा मुद्दा येतो तो कॅसिनोंना झोडपायची आणखी एक काठी म्हणून. काठी उगारून झाली की ती कोपऱ्यात जाते, आणि पंपाचा, मीटरचा, नोंदवहीचा प्रश्न कोणी विचारत नाही.

नदीचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. मांडवीला जे काही गोडं पाणी येतं ते जून ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा सह्याद्रीवरून आलेला लोंढा सगळं समुद्रात ढकलतो. ऑक्टोबरनंतर वरून येणारा प्रवाह रोडावतो आणि नदी खाडीसारखी वागू लागते. भरतीला खारं पाणी कितीतरी आत घुसतं, ओहोटीला मागे सरतं. पणजीपुढे सोडलेली घाण सरळ अरबी समुद्रात गेली असं होत नाही, ती आधी वर-खाली हेलपाटे घालते. आणि पर्यटनाचा हंगाम नेमका हाच, ऑक्टोबर ते मे. नदी धुऊन निघते तेव्हा गर्दी कमी, नदी तुंबते तेव्हा जहाजं भरलेली.

कॅसिनोंचं मैलापाणी टाक्यांत साठवून किनाऱ्यावर आणलं जातं आणि टँकरने पणजीच्या टोंक इथल्या प्रक्रिया केंद्रात जातं, असं सांगितलं जातं. हे सगळंच खोटं आहे असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, ते तपासता येईल अशा रीतीने लिहा. यात एक सोपा ताळमेळ आहे. या जहाजांना पिण्याचं आणि वापरायचं पाणी नदीतून मिळत नाही, ते किनाऱ्यावरून भरावं लागतं. आत गेलेलं पाणी कुठून तरी बाहेर येणारच. रोज किती लिटर भरलं, किती माणसं आत गेली, आणि किती लिटर मैला व सांडपाणी टँकरने उतरलं, हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवा. माणसांचा आकडा तर या धंद्यात कधीच चुकत नाही. तिसरा आकडा पहिल्याच्या मानाने लहान दिसला की उरलेलं पाणी गेलं कुठे, हे विचारायला कोणा शास्त्रज्ञाची गरज नाही. हे तीन आकडे दर आठवड्याला बंदर कप्तानांच्या संकेतस्थळावर लावायला कायदाही बदलावा लागत नाही. परवान्यातली एक अट पुरे.

स्वयंपाकघराचं आणि आंघोळीचं पाणी मी मुद्दाम धरलं. मारपोलच्या व्याख्येत ते मैल्यात येत नाही. संडास, मुताऱ्या, जहाजावरचा दवाखाना आणि जिवंत जनावरं ठेवण्याची जागा एवढंच येतं. पण जिथे रात्रभर पंगती उठतात तिथलं तेलकट पाणी नदीला काही कमी जाचक नाही. नदीत नांगरलेल्या जहाजांसाठी आपण आपली व्याख्या रुंद करायला हरकत नाही.

नदीचं पाणी बिघडल्याच्या बातम्या आल्या की दोन्हीकडून बोटं दाखवली जातात. कॅसिनोवाले सांतिनेजच्या नाल्याकडे दाखवतात, जो शहराची घाण घेऊन नदीला मिळतो. शहरवाले जहाजांकडे दाखवतात. दोघांचंही थोडं थोडं खरं असण्याची शक्यता जास्त, आणि म्हणूनच दोघेही सुटतात.

या बाबतीत कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावरच्या अ‍ॅव्हलॉन या छोट्या बंदराची हकीकत सांगण्यासारखी आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येक बोटीवर बंदराचा माणूस चढतो आणि संडासात रंगाची एक गोळी टाकतो. फ्लश केल्यावर बोटीभोवती रंग दिसला की बोट बंदराबाहेर, आणि वर्षभर परत यायचं नाही. याहून कडक आणि याहून स्वस्त तपासणी मला माहीत नाही. तरीसुद्धा अ‍ॅव्हलॉनची चौपाटी वर्षानुवर्षं राज्यातल्या सर्वांत घाणेरड्या चौपाट्यांच्या यादीत येत राहिली. बोटी चोख, मग जंतू कुठले? शोध घेतल्यावर कळलं की गावातली जुनी मैलावाहिनी जमिनीखाली गळत होती आणि ते पाणी वाळूतून झिरपून समुद्रात उतरत होतं. अखेर गावाला नळ बदलण्यावर मोठा खर्च करावा लागला.

बोटींवर नियम नकोत म्हणणारे ही गोष्ट आपल्या बाजूने सांगतील. बघा, बोटी निर्दोष निघाल्या! मी ती उलट वाचतो. बोटींची तपासणी चोख होती म्हणूनच गावाला त्यांच्यावर ढकलता आलं नाही. मांडवीतल्या जहाजांचा हिशेब लिटरवारी लागला, तर सांतिनेजच्या नाल्यावर पांघरूण घालायला पणजीला काही उरणार नाही. मुंबईत यॉटवाल्यांना नियम लागला, तर तेच यॉटवाले महापालिकेला तिच्या गटारांबद्दल जाब विचारतील, आणि त्यांचं म्हणणं वजनदार लोकांच्या कानावर लवकर जातं. मला हा फायदा लहान वाटत नाही.

गोव्यातल्याच जुवारी नदीच्या मुखाशी चिखली गावच्या खाडीत काचेसारख्या पातळ शिंपल्या सापडतात. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी याच शिंपल्यांच्या चकत्या लावलेल्या असत. आता या शिंपल्या फार थोड्या ठिकाणी उरल्यात, आणि त्या राखण्यासाठी चिखलीचे लोक झटताहेत. त्याच जुवारीत नावशी इथल्या प्रस्तावित मरीनाला मच्छीमारांनी वर्षानुवर्षं विरोध केला आहे. त्यांच्या विरोधाला ‘विकासाला खीळ’ म्हणणाऱ्यांनी शिंपलीचं पोट कसं चालतं ते समजून घ्यावं. ती दिवसभर पाणी गाळत बसते. पाण्यात असलेले जंतू आणि विषाणू ती स्वतःत साठवते. तिसऱ्या, कालवं, शिनाणे यांचं सगळ्यांचं असंच. ओहोटीला कमरेत वाकून तिसऱ्या काढणाऱ्या बाईला पाण्याच्या तपासणीचा अहवाल कोणी दाखवत नाही. कावीळ पसरवणारा विषाणू नुसत्या वाफेवर शिंपल्या उघडेपर्यंत शिजवल्याने मरेलच असं नाही. अमेरिकेच्या वायव्येला प्यूजेट साउंड या खाडीसमूहात २०१८ मध्ये बोटींना मैला सोडायची बंदी झाली, त्यामागे शिंपल्यांच्या शेतीचं रक्षण हे एक मोठं कारण होतं. तिथली कालवं काढणारी माणसं सरकारला दिसली. आपल्याकडे मरीनाच्या नकाशावर तिसऱ्यांची जागा दाखवलेली नसते.

जहाजावरच प्रक्रिया यंत्र बसवलं आहे, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. यंत्र बसवल्याचं प्रमाणपत्र असतं; ते काल रात्री चालू होतं याचं नसतं. अशा यंत्रांतले जीवाणू जिवंत ठेवायला सतत लक्ष लागतं. शनिवारी गच्च आणि मंगळवारी रिकाम्या असलेल्या जहाजात ते नीट जगत नाहीत. खाऱ्या पाण्याने फ्लश केलं की आणखी पंचाईत. मोठ्या जहाजांवरची मान्यताप्राप्त यंत्रंही प्रत्यक्षात मानकं पाळत नाहीत अशा तक्रारी आंतरराष्ट्रीय पातळीवर झाल्या आहेत, आणि चौथ्या परिशिष्टाचा फेरविचार त्यातूनच सुरू झाला. नदीत कायम उभ्या असलेल्या जहाजाला यंत्राची सबब देण्याची गरजच काय? किनारा शे-दोनशे मीटरवर आहे.

‘आपल्याकडे हे जमायचं नाही’ ही सबब मात्र रेल्वेने खोटी ठरवली आहे. शंभराहून जास्त वर्षं रेल्वेचे डबे रुळांवरच मोकळे होत होते. स्टेशनात गाडी उभी असताना संडास वापरू नका, एवढाच काय तो नियम, आणि तो कोणी पाळत नव्हतं. संरक्षण संशोधन संस्थेच्या तंत्रावर आधारलेली जैव-शौचालयं डब्यांना बसवायचं ठरलं तेव्हा लोक हसले. आज अशी अडीच लाखांहून अधिक शौचालयं डब्यांत आहेत. ती सगळी उत्तम चालतात असं नव्हे. २०१७ मध्ये कॅगने तुंबण्याच्या आणि दुर्गंधीच्या तक्रारींवरून रेल्वेचे कान उपटले होते. पण रुळ बदलले हे खरं. बदलले कारण डबाही रेल्वेचा, स्टेशनही रेल्वेचं, दुरुस्तीचा कारखानाही रेल्वेचा. बोटींत हे तिन्ही वेगवेगळ्या हातांत असतात. म्हणून सुरुवात अशा हातापासून करायची ज्याला पळून जाता येत नाही, म्हणजे पुन्हा जेटी.

एक प्रश्न परदेशी नियमावल्यांत सापडत नाही, कारण तो आपला आहे. टाकी उपसणार कोण? पंप बिघडला, नळी फुटली, टाकीच्या तळाशी गाळ बसला, की ‘माणूस बोलवा’ म्हणतात, आणि तो माणूस कोणत्या वस्तीतून येतो हे सांगायला नको. हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, गटारात आणि सेप्टिक टाकीत संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, तरी मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. बोटीची टाकी अंधारी, अरुंद आणि बंद असते. तिच्यातला वायू तितकाच जीवघेणा. मरीनाच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलं पाहिजे की टाकी यंत्रानेच रिकामी होईल, पंप बंद पडला तर बोट थांबेल, माणूस उतरणार नाही. चकचकीत यॉटच्या मालकाला एक दिवस थांबावं लागलं तर लागलं.

आणि नियम कोणाला लागू करायचा नाही, हेही लिहिलं पाहिजे. नाहीतर पहिला दंड होणार तो हर्णैच्या नाहीतर मिरकरवाड्याच्या तांडेलाला. कोळ्यांच्या लहान होड्यांवर संडास नसतोच. आठ-दहा दिवस समुद्रात राहणारे ट्रॉलर किनाऱ्यापासून लांब असतात. तिथला मैला समुद्राला जड नाही, आणि बारा मैलांचा नियम सांगतो तोही हेच. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. बंदरात परतल्यावर खलाशांना वापरण्याजोगा संडास मिळतो का? ससून डॉक असो की भाऊचा धक्का, धक्क्यावर पाण्याची सोय असलेले स्वच्छ संडास बांधणं हा मैल्याविरुद्धचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचींनाही टाकीपेक्षा दोन्ही टोकांच्या जेटीवरच्या चांगल्या संडासांची गरज जास्त. टाकी आणि पंपाची सक्ती करायची ती मुक्कामी बोटींवर: कॅसिनो, हाउसबोटी, क्रूझ, यॉट, आणि पंधराहून जास्त माणसं तासन् तास नेणारी जहाजं. पैसा ज्यांच्याकडे आहे आणि मैला ज्यांचा साठतो ते तेच आहेत.

हे सगळं आत्ताच का? कारण मुंबईत ही बांधकामं अजून व्हायची आहेत. प्रिन्सेस डॉकच्या परिसरात मरीना करण्याचा विचार मुंबई बंदराने अनेक वर्षं बाळगला आहे. गेटवेजवळ रेडिओ क्लबपाशी नव्या प्रवासी जेटीला कुलाब्याच्या रहिवाशांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०२५ मध्ये जेटीला वाट मोकळी झाली. त्या वादात वारसा आणि वाहतूक यांवर पुष्कळ बोललं गेलं. बोटींच्या टाक्यांवर कोणी भांडल्याचं मी वाचलं नाही. जेटीच्या काँक्रीटमधून नळ आधी टाकून ठेवला तर त्याचा खर्च एकूण खर्चात कळूनही येत नाही. नंतर टाकायचा तर पुन्हा परवानगी, पुन्हा निविदा, पुन्हा तोडफोड. पर्यावरण मंजुरीच्या पत्रात ‘मैला समुद्रात सोडू नये’ असं एक वाक्य असतं आणि सगळे निर्धास्त होतात. त्याऐवजी किती बोटींमागे किती पंप, नळाचा व्यास किती, तो महापालिकेच्या कोणत्या मैलावाहिनीला जोडणार, आणि खारं पाणी व टाकीतली औषधं त्या केंद्राला झेपतील का, एवढं निविदेत लिहायला लावा. बोट लावण्याच्या भाड्यातच पंपाचा खर्च धरा. वाय-व्हॉल्व्हच्या दांड्याला बंदरात शिरताना सील लावा, बाहेर पडताना काढा. अधूनमधून रंगाची गोळी टाका.

सुरुवात कुठून करायची हे विचाराल तर मी मांडव्याचं नाव घेईन. भाऊच्या धक्क्याहून येणारी, गाड्याही नेणारी रो-रो बोट तिथे मार्च २०२० पासून लागते, ठरलेल्या वेळी लागते, पावसाळ्यातही लागते. जेटी सागरी मंडळाची आहे, म्हणजे कोणा खाजगी मालकाची मनधरणी करायची नाही. रस्ता थेट धक्क्यापर्यंत जातो, तेव्हा मैलावाहिनी नसली तरी टँकर उभा राहतो. हंगामात तिथेच यॉटही येतात आणि स्पीडबोटीही. एक पंप, एक मीटर, एक नोंदवही, आणि त्या नोंदवहीतला महिन्याचा आकडा तिकीट खिडकीशेजारी लावलेला. मंडळाला यासाठी दिल्लीकडे बघण्याची गरज नाही.